किल्ल्यावरची गवळण आणि चिलखतातली बाई

दिवाळी जवळ आली की आमच्या बेळगावच्या शहापुरात बोळाबोळात किल्ले उभे राहतात. दगड, फाटकी पोती, लाल माती, उतारावर पेरलेले हळीव आणि त्यावर बाजारातून आणलेली मातीची चित्रं. महाराज सिंहासनावर, बुरुजावर भालेवाले मावळे, तोफेजवळ गोलंदाज, दरवाज्यात पहारेकरी. पायथ्याच्या गावात शेतकरी, बैलजोडी आणि डोक्यावर घडा घेतलेली गवळण. गेल्या दिवाळीत माझी भाची ती गवळण हातात धरून बराच वेळ किल्ल्यासमोर उभी होती. नववीत आहे ती. "मावशी, हिला वर तटावर ठेवलं तर चालतंय काय?" म्हणाली. मी म्हटलं, "ठेव की." तिनं ठेवली, दोन पावलं मागं जाऊन बघितली आणि परत खाली आणली. "दोन्ही हात घड्यालाच गुंतलेत तिचे. तटावर येऊन काय करणार ती?"

दर रविवारी दुपारी आम्ही काही जण आमच्या माळ्यावर चटई टाकून एक खेळ खेळतो. त्या खेळाच्या पुस्तकांमध्ये गेली पन्नास वर्षं याच प्रश्नाचा घोळ चाललेला आहे: बाईला कुठं ठेवायचं आणि तिच्या हातात काय द्यायचं. भाचीनं तो एका वाक्यात मांडला, म्हणून हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ. त्याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. चार-पाच जण गोल बसतात. एकजण सूत्रधार होतो, त्याला इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं आणि त्या पात्राची माहिती एका कागदावर लिहिलेली असते. सूत्रधार प्रसंग सांगतो. समजा तुम्ही खानापूरच्या पुढं भीमगडाच्या रानात आहात, पाऊस लागलाय, ओढा फुगलाय. तुम्ही सांगायचं की मी झाडाला दोर बांधून पलीकडं जाणार. सूत्रधार म्हणतो, वीस बाजूंचा फासा टाक, बारा तरी पाहिजेत. नऊ पडतात. पण तुमच्या पात्राची ताकद चांगली आहे, तिचे तीन मिळतात. बारा झाले, तुम्ही पार. पुढं काय होतं ते सगळ्यांनी मिळून ठरत जातं. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. लहानपणी आपण 'तू राजा, मी चोर' म्हणून खेळायचो, त्यालाच नियम आणि फासे जोडलेत असं समजा.

या खेळात समोर काही दिसत नाही. सिनेमात नट दिसतो, व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर आकृती हलते. इथं फक्त बोलणं असतं. त्यामुळं नवा खेळाडू पहिल्यांदा जाड पुस्तक उघडतो तेव्हा नियम वाचत नाही, चित्रं चाळतो. त्या चित्रांतून तो एकच गोष्ट शोधत असतो: इथं मला कोण होता येईल? भाचीनंही तेच केलं. मी तिच्या हातात एक जुनं पुस्तक दिलं होतं. तिनं पानं उलटली आणि विचारलं, "ह्या बाईला थंडी वाजत न्हाई?"

म्हणून चित्रांना सजावट समजू नये असं माझं ठाम मत आहे. या खेळात चित्र हाच पहिला नियम असतो. पण बाई नुसती चित्रातच शिरते असं नाही. ती आकड्यात शिरते, शब्दात शिरते, गोष्टीत तिला दिलेल्या कामात शिरते. आकड्यांपासून सुरू करते, कारण तिथं गोष्ट सगळ्यात उघड दिसते.

या प्रकारचा छापून विकला गेलेला पहिला खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो रचला आणि १९७४ साली टीएसआर नावाच्या छोट्या कंपनीनं काढला. पहिल्या छपाईच्या फक्त १,००० प्रती होत्या. लढाईचे डावपेच खेळणाऱ्या पुरुषांच्या छंदातून तो आला होता आणि त्याचा वास त्याला होता. तीन पुस्तिकांतल्या पहिलीचं नावच 'मेन अँड मॅजिक', आणि लढणाऱ्या पात्राच्या प्रकाराला शब्द होता 'फायटिंग-मॅन'. बाई खेळू नये असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. पण ज्या घराच्या पाटीवर फक्त बाप्यांची नावं असतात, तिथं आत जाताना बाई उंबऱ्यावर क्षणभर थांबतेच.

प्रत्येक पात्राचे सहा गुण आकड्यांत मोजतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि सहावा करिश्मा, म्हणजे चारचौघांवर पडणारी छाप. तीन साधे फासे टाकायचे, बेरीज ३ ते १८ मध्ये येते. १९७६ साली 'द ड्रॅगन' या मासिकाच्या तिसऱ्या अंकात एक लेख आला, स्त्री पात्रं खेळात कशी आणावीत यावर. हेतू बायकांना खेळात घ्यायचा होता. पण सुचवलं काय, तर स्त्री पात्राचा करिश्मा काढून त्या जागी 'सौंदर्य' मोजावं आणि तिच्या ताकदीसाठी तीन फाशांऐवजी एक आठ बाजूंचा आणि एक सहा बाजूंचा फासा टाकावा. म्हणजे तिची ताकद कितीही नशीब लावलं तरी १४ च्या वर जायची नाही. छाप आणि सौंदर्य यांतला फरक बघा. छाप पाडणं ही करायची गोष्ट आहे. सौंदर्य दुसऱ्यानं बघायचं असतं. एका शब्दाच्या बदलानं पात्र करणाऱ्यांच्या रांगेतून उठून बघितल्या जाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलं.

तो मासिकातला सल्ला होता, पाळा किंवा सोडा. १९७८ साली मात्र 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीच्या खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात ताकदीच्या तक्त्यावरच मर्यादा छापून आली. लढवय्याची ताकद १८ पडली तर तो आणखी एकदा फासे टाकून १ ते १०० मधला आकडा काढायचा. मानवी पुरुषाला पूर्ण १०० पर्यंत मुभा, मानवी स्त्रीला ५० पर्यंतच. याचा खेळात अर्थ असा की सर्वांत बलवान पुरुषाला वार लागण्यासाठी ३ आणि इजेसाठी ६ जादा मिळायचे, सर्वांत बलवान बाईला १ आणि ३. हाफलिंग म्हणजे कमरेएवढी बुटकी माणसं, त्यांच्यातही पुरुषांना १७ ची मर्यादा आणि बायकांना १४ ची.

आता जरा हिशेब करू. तीन फाशांवर तिन्ही सहा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. त्यानंतर शंभरातला आकडा ५० च्या वर जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तीन फाशांच्या पद्धतीनं सरासरी ४३२ पात्रांमागं एकाच पात्राला या नियमाची झळ लागणार. एखादा गट वर्षानुवर्षं खेळला तरी ती वेळ येणार नाही. मग बाकीच्या ४३१ जणींना फरक काय पडला? पडला, कारण नियम सगळ्यांनी वाचला. तक्त्यातला तो रकाना प्रत्येक मुलीनं पात्र बनवताना बघितला. आमच्याकडं आखाड्याच्या दारात मुलीला आत जायला कुणी हातानं अडवत नाही. आत तिच्यासाठी मातीच नसते, हे तिला बाहेरूनच कळतं.

या नियमाची बाजू घेणारे म्हणायचे, अजूनही म्हणतात, की हे वास्तव आहे. खऱ्या जगात पुरुषांची ताकद सरासरीनं जास्त असते. सरासरीची गोष्ट खरी आहे. पण खेळातलं पात्र सरासरी कधीच नसतं, ते शंभरातलं एक म्हणूनच जन्माला येतं. आणि ज्या पुस्तकात मंत्र म्हणून आगीचा गोळा फेकता येतो, सोन्याच्या राशीवर निजलेला ड्रॅगन बोलतो, तिथं वास्तव नेमकं बाईच्या दंडापाशीच येऊन का थांबतं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकली. खेळ कोसळला नाही. पण त्याच आवृत्तीत एक टीप होती की पुस्तकभर पुल्लिंगी सर्वनामच वापरलं आहे आणि त्यावरून बायकांना वगळायचा प्रयत्न आहे असं कुणी समजू नये. आकडा गेला, शब्द राहिला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. हा खेळ केवळ बाप्यांनी घडवला हेही खरं नाही. जीन वेल्स ही टीएसआरच्या रचनाकारांमधली पहिली बाई. १९८० साली तिनं कंपनीच्या मासिकात बायका-खेळाडूंच्या तक्रारींवर सहलेखकाबरोबर लिहिलं. ग्रेहॉकच्या काल्पनिक जगाचा जो देखणा नकाशा १९८० मध्ये आला, तो डार्लीन या चित्रकर्तीचा. १९८३ चं 'रेव्हनलॉफ्ट' हे खेळायचं कथानक लॉरा हिकमननं नवऱ्याबरोबर लिहिलं, १९८४ पासूनच्या ड्रॅगनलान्स कादंबऱ्यांमध्ये मार्गारेट वाइसचा अर्धा वाटा. बायका कामावर होत्याच. मुखपृष्ठावर कोण आणि कशी दिसणार, हा निराळा प्रश्न होता.

मुखपृष्ठावर बहुतेक वेळा कशी दिसली, ते त्या 'थंडी'च्या प्रश्नात आलंच आहे. साखळ्यांच्या चिलखताची बिकिनी. १९७४ पासून मार्व्हलच्या कॉमिक्समधून रेड सोन्या या योद्धा बाईनं तो पोशाख सगळीकडं पोचवला आणि कल्पनारम्य चित्रकारांनी तो वर्षानुवर्षं गिरवला. यावर लगेच कुणीतरी म्हणतं, तुम्हाला अंग झाकलेलंच पाहिजे, तुम्ही सोवळ्या. मुळीच नाही. माझी तक्रार चिलखताविषयी आहे, अंगाविषयी नाही.

चिलखताचं काम वार घसरवणं. पुढून गोलसर, मधोमध किंचित उचललेला पत्रा असेल तर तलवारीचं टोक बाजूला निसटतं. छातीला दोन वाट्यांचा आकार दिला की दोन्ही वाट्यांवरून निसटलेलं टोक मधल्या खाचेत येतं, नेमकं छातीच्या हाडावर. शिवाय चिलखताच्या आत जाड गादीसारखा कपडा घालावा लागतो, नाहीतर घाव पत्र्यावर बसला तरी हाड मोडतं. तो कपडा घातल्यावर बाई काय न् बाप्या काय, आकार सारखाच. म्हणजे त्या चित्रातली बाई लढायला निघालेलीच नाही. तिला कुणीतरी उभी केली आहे.

आपल्याला हे कळायला युरोपातल्या संग्रहालयात जायची गरज नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका खानापूरच्या बाजूला चिखलात भाताची लावणी करताना काचा मारून लुगडं नेसायच्या. वाकता येतं, ढांग टाकता येते, घोड्यावर बसता येतं. बेळगावात चन्नम्मा चौकातून जाताना वर बघा. १८२४ साली कित्तूरमध्ये इंग्रजांशी लढलेली राणी घोड्यावर आहे, हातात तलवार आहे आणि ती कुणाकडं बघून हसत नाहीये. तो पुतळा घडवणाऱ्यानं तिला काम दिलंय.

भाचीच्या त्या वाक्यापासून मी कुठलंही चित्र बघताना आधी हात बघते. हातात काय आहे, आणि त्या हातांनी या क्षणी काय चाललंय? मग पाय: या पायांनी पळता येईल का? मग नजर: ही समोरच्या संकटाकडं बघतेय की चित्र बघणाऱ्याकडं? उघड्या अंगाचा रानटी योद्धा पुरुषही या चित्रांत भरपूर असतो. पण त्याचे पाय रोवलेले असतात, हातात कुऱ्हाड असते, नजर राक्षसावर असते. त्याचं उघडं अंग ताकद सांगतं. तिचं उघडं अंग बघणाऱ्याला आमंत्रण देतं. कापडाची लांबी मोजत बसलं तर हा फरक हातातून निसटतो. आणि उलट, भाचीच्या एका पात्राला बोरमाळ, नथ, पैंजण, सगळं पाहिजे होतं. मी म्हटलं घाल की. नटायचं की नाही हे खेळणारीनं ठरवलं तर तो तिचा खेळ. चित्रकारानं तिच्या वतीनं आधीच ठरवून टाकलं, तिथं अडचण.

आता गोष्टीतलं काम. १९८१ च्या नवशिक्यांच्या पुस्तकात नमुन्याचं पात्र म्हणून मॉर्गन आयर्नवुल्फ नावाची लढवय्यी बाई आहे. खेळ कसा चालतो हे दाखवायला जो संवाद छापलाय, त्यात गटाच्या वतीनं सूत्रधाराशी बोलणारी तीच. त्या संवादात पेटीची कळ उघडताना विषारी सुई लागून पडतो तो डुगल नावाचा चोर, पुरुष. दोनच वर्षांनी, त्याच खेळाच्या १९८३ च्या लाल पेटीतल्या संचात, नवा खेळाडू एकट्यानं वाचत खेळायची गोष्ट होती. त्यात गुहेत तुम्हाला अलीना भेटते. साखळ्यांचं चिलखत घातलेली, गदा बाळगणारी, देवाची उपासक. ती तुम्हाला नियम समजावते, जखमा बऱ्या करते, तुमच्याबरोबर लढते. मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मंत्रानं मारतो आणि तुमच्या मनात सूड पेटतो.

अलीनाच्या कपड्यांत काहीही वावगं नाही. हात, पाय, नजर, सगळ्या कसोट्यांना ती उतरते. तरी तिचं काम काय, तर मरणं. नायकाच्या वाटेवरची शिदोरी. म्हणून नुसती चित्रं मोजून भागत नाही, आणि हा इतिहास वाईटाकडून चांगल्याकडं सरळ रेषेत गेला असंही समजू नये. १९८१ ची पुस्तिका १९८३ च्या पुस्तिकेपेक्षा या बाबतीत पुढं होती.

राक्षसांचंही तेच. हार्पी, हॅग, मेड्युसा, सक्युबस: जुन्या पुस्तकांत बाईच्या रूपातलं संकट म्हणजे भुलवणारं नाहीतर म्हातारं-कुरूप. आपली भुतंही तपासून बघा. वेताळ भुतांचा राजा, ब्रह्मराक्षस विद्वान, मुंजा पिंपळाचा मालक. हडळ मात्र बाळंतपणात मेलेली. मेल्यावरसुद्धा बाईला तिच्या अंगावरूनच ओळखायचं, ही खोड कुठल्या एका देशाची नाही.

२००० साली तिसरी आवृत्ती आली, तोवर खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडं गेला होता. त्यात प्रत्येक व्यवसायाला एक कायमचं नमुना पात्र दिलं. जादूगार मियाली ही बाई, चोर लिडा ही बाई, मठात तयार झालेली योद्धी एम्बर ही कृष्णवर्णी बाई, धर्मयोद्धा अलहँड्रा हीसुद्धा बाई. आणि त्या त्या व्यवसायाचे नियम सांगताना सर्वनामही त्या पात्राचंच. जादूगाराच्या प्रकरणात 'ती' मंत्र म्हणते. १९८९ ची ती टीप आपोआप निकालात निघाली. पुढं २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत माणूस या वंशाचं चित्र म्हणून एक काळी बाई उभी आहे, आणि पात्राचं लिंग ठरवताना स्त्री-पुरुष या दोनच कप्प्यांत अडकायची गरज नाही असं पुस्तकानं सरळ लिहिलं. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळात त्याच वर्षी नमुना पात्रांमध्ये एक ट्रान्स स्त्रीही आली.

हे सगळं इंग्रजीतलं. आम्ही खेळतो मराठीत, आणि मराठीत आलं की एक नवीनच गंमत होते. इंग्रजीत सूत्रधार विचारतो, 'व्हॉट डू यू डू?' त्यात बाई नाही, बाप्या नाही. मराठीत विचारायचं तर 'काय करतोस?' की 'काय करतेस?' दर वाक्याला लिंग ठरवल्याशिवाय क्रियापद तोंडातून निघत नाही. भाची पुरुष पात्र खेळत असली तर मी तिला काय म्हणू? इंग्रजी पुस्तकांनी सर्वनामांवर पन्नास वर्षं वाद घातला, आपल्याकडं तो प्रत्येक क्रियापदात येऊन बसतो.

आणि याच ठिकाणी बेळगाव वेगळं आहे. मी बाई आहे, जन्म शहापुरातला. घरात बोलताना मी "मी आलो, मी जातो, मी जेवलो" असंच म्हणतो. आमच्या आईनं तेच म्हटलं, आजीनं तेच. कोल्हापूरकडंही असं बोलतात. लिहिताना मात्र शाळेत शिकवलेलं 'आले, जाते' हातातून उतरतं. पुण्याची मावसबहीण लहानपणी यावरून हसायची. बाजूला कन्नड आहे, आणि कन्नडात बाई असो की बाप्या, 'ना बरतीनि' एवढंच. 'मी येतो' म्हणा, 'येते' म्हणा, तिथं दोन्ही एकच. 'नी एन माडती?' यातही भेद नाही, तो 'तो आला, ती आली' म्हणताना येतो. आमच्या गटात दोन भाऊ घरी कन्नड बोलणारे आहेत. त्यांना मराठीतली ही अडचण समजावून सांगायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा फाशांचे नियम सांगायला लागला नाही.

त्यामुळं आमच्या माळ्यावर एखादी मुलगी "मी तलवार काढतो" म्हणते तेव्हा पात्र स्त्री आहे की पुरुष हे कळतच नाही, आणि कळलं नाही तरी काही बिघडत नाही. प्रमाण मराठीतही वाटा आहेत, नीट बघितल्या तर. 'काय करणार?' विचारलं की लिंग येत नाही. 'काय करशील?' मध्येही नाही. भूतकाळात तर व्याकरणच मदतीला येतं: "मी तलवार उचलली", "मी दार फोडलं" यात क्रियापद तलवारीच्या आणि दाराच्या मागं जातं. करणारा बाई की बाप्या ते विचारतच नाही. "मी पळालो" की "मी पळाले", हे मात्र पळतानाच सांगावं लागतं. मी आता सूत्रधार असताना 'काय करणार?' एवढंच विचारते. साधा बदल आहे. पण पात्र आणि खेळाडू वेगळे ठेवायला त्याची फार मदत झाली.

कारण पात्र वेगळं, खेळणारा वेगळा. मुलानं बाईचं पात्र घेतलं की पहिल्यांदा हमखास मुरडणं आणि किनरा आवाज सुरू होतो. आमच्यातही झालं. त्या मुलाला मी ओरडले नाही. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि १८८० साली त्यांनी 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा शकुंतला शंकरराव मुजुमदार होते, एवढंच सांगितलं. पुढं बालगंधर्वांची लुगडी नेसायची तऱ्हा घराघरांतल्या बायका उचलायच्या. थट्टा केली असती तर कुणी उचलली नसती. पुढच्या रविवारी त्या मुलाच्या पात्रानं एकदाही मान वेळावली नाही. गटातली सगळ्यात सावध, सगळ्यात आधी दाराला कान लावणारी बाई तीच निघाली.

आणि दोन कप्प्यांच्या पलीकडचं म्हणाल, तर सौंदत्तीचा डोंगर आपल्या जिल्ह्यातच आहे. पुरुष म्हणून जन्मलेले, यल्लम्माच्या नावानं लुगडं नेसणारे जोगप्पा आपण लहानपणापासून बघतो. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, हातात चौंडकं हे वाद्य. त्यांच्यातल्याच मंजम्मा जोगतींना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणून २०१४ च्या त्या ओळी वाचून आमच्या गटात कुणाला परकं वाटलं नाही. पण इथं मी एक अट घालते. जोगप्पा हा पोशाख नाही. देवीच्या नावानं सोडलेल्या माणसांच्या वाट्याला काय काय आलं हे आपल्याला ठाऊक आहे. १९८२ साली कर्नाटकाला देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा करावा लागला. असं पात्र घ्यायचं तर त्याला पोट असू दे, भीती असू दे, आवडती माणसं असू दे. नाहीतर ती नुसती दुसरी बिकिनी.

चटईवर आम्ही एक कार्डही ठेवतो, त्यावर फुली मारलेली. प्रसंग कुणाला सोसवेना झाला की त्यानं कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, प्रसंग बदलायचा. ही पद्धत बाहेरून आलेली आहे, चांगली आहे, घ्यावी. बंदिवान बाईला छळायचे प्रसंग या खेळात फार सहज सुचतात, आणि ऐकणाऱ्यांतल्या कुणाच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही.

पात्रांसाठी बाहेर बघायचं कारण तर मला मुळीच दिसत नाही. बैलहोंगलजवळच्या बेलवडीची देसाईण घ्या. कन्नडात ती मल्लम्मा, मराठीत सावित्रीबाई. महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना तिनं आपली गढी जवळजवळ महिनाभर लढवली. तिच्याशी गैर वागणाऱ्या आपल्याच सरदाराला महाराजांनी शिक्षा केली, असं आपण ऐकत आलो. धारवाडजवळ यादवाडला महाराजांचं जे दगडी शिल्प आहे, ते तिनंच कोरवून घेतलं असं परंपरा सांगते. एकाच गोष्टीत ती शत्रूही आहे, मानकरीणही आहे. असं पात्र कुठल्या तयार पुस्तकात मिळणार?

भाचीनं मात्र देसाईण घेतली नाही, चन्नम्माही घेतली नाही. गेल्या महिन्यात तिनं नवं पात्र लिहिलं: गवळण. गटातल्या त्या दोन भावांपैकी धाकट्यानं हरकत घेतली, गवळण हा काय व्यवसायांच्या यादीत नाही म्हणून. ती म्हणाली, "गडावरच्या चोरवाटा कुणाला ठावं असतात? सरदाराला? हिरकणी कोण होती मग?" यावर तो गप्प. ताकद ९ पडली, चपळाई १५. पुस्तकात चित्र सापडेना, म्हणून वहीच्या मागच्या पानावर तिनं स्वतःच काढलं. काचा मारलेलं लुगडं, कमरेला कोयता, घडा डोक्यावर नाही, बगलेत. एक हात मोकळा.

रविवारी मी प्रसंग दिला. दिवे लागणीला गडाचा दरवाजा बंद झालाय, मागून मशाली घेऊन पहारेकरी यायलेत, समोर कडा. काय करणार?

"घडा त्यांच्या पायात फोडतो आणि कड्यावरनं उतरतो."

मी म्हटलं, चौदा पाहिजेत. तिनं फासा दोन्ही तळव्यांत घोळवून टाकला. अकरा. चपळाईचे दोन मिळवून तेरा. दोन्ही भावांनी कपाळाला हात लावला, आणि खालून आईनं चहाला हाक मारली. गवळण अजून कड्याच्या मध्यावर आहे, एका हातानं करवंदीच्या जाळीला धरून.